मुंगी चावल्यावानी, म्हणे!

...मुंगी चावल्यावानी, म्हणे! आता मला तुमीच सांगा, ह्या दुनियेत अशी कोणती मुंगी हाय, जिला चावता यावं म्हणून चौघांनी लेकराला दाबून धरावं लागतं? न्हाई, सांगाच. मुंगी चावते तवा कुणी लेकराच्या पायावर बसतं का? कुणी डोकं धरतं का? ती बिचारी गुमान येते, चावते, आपल्या वाटेनं जाते. पण दवाखान्यात पाऊल टाकलं, लेकराच्या हातात सलाईनची सुई बसवायची म्हणली, की नर्स तेच, कंपौंडर तेच, बाप तेच, अन् ज्याचा काडीचा संबंध न्हाई असा बाजूच्या खाटेवरचा म्हातारा बी तेच... "काय न्हाई व्हत बाळा, मुंगी चावल्यावानी." आरं बाबा, सकाळी तुझ्याच हातात सुई घातली तवा तू नर्सबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार केला व्हता, आमी बाहेर उभं राहून ऐकला ना!

तुमी म्हणाल, विश्वंभर, तू जीप चालवणारा माणूस, तुला काहून एवढा राग? न्हाई येणार तर काय व्हईल? डोंगरकडा ते आखाडा बाळापूर काळी-पिवळी चालवली मी, जिल्हा नवा झाला त्या सालांत. परभणीतून हिंगोली येगळी निघाली, आमी फटाके वाजवले, वाटलं आता सगळं दारात येणार... काय आलं? पाटी आली. लेकराला भूल द्यायची तर डॉक्टर अजून नांदेडहूनच यायचा, तो बी आठवड्यातून एकदा, अन् पेशंट न्यायचा तर माझ्याच गाडीतून, केळीच्या घडांत अन् कोंबड्यांच्या पाटीशेजारी. रस्ता असा की धडधाकट माणूस बसावा अन् उतरताना त्यालाच खाट लागावी. जाऊ द्या, रस्त्याचं काढलं तर मी सांजपर्यंत थांबणार न्हाई. गोष्ट प्रेमसिंगची हाय.

प्रेमसिंग म्हणजे आमच्या गावाच्या अंगाला तांडा हाय, तिथला. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ अन् दाणे लादून मुलूखभर फिरायचे. ह्याची आता थोडी हळद, थोडी केळी. बोलायला कमी माणूस. त्याच्या वाटचं सगळं बोलणं त्याच्या लेकीनं उचललं व्हतं. निता. दुसरीत व्हती तवा. अन् ही पोरगी बापाच्या उजव्या हाताचं मधलं बोट धरून चालायची. हात न्हाई धरायची, बोट. शेतात बोट, बाजारात बोट, माझ्या गाडीत चढताना बोट. बिडी डाव्या हातानं वढायला शिकला प्रेमसिंग, उजवा कधी मोकळाच नसायचा. मी चिडवायचो त्याला, म्हणायचो भाऊ, लेकीच्या लग्नात हे बोट आंदण द्यावं लागंल. तो हासायचा. लई सुख व्हतं त्याला त्या बोटाचं, तोंडानं बोलला न्हाई तरी दिसायचं ना.

तर ह्या निताच्या जांघेत निघाली गाठ. रडली की लिंबाएवढी फुगायची, निजली की गडप. हर्निया, डॉक्टर म्हणले. ऑपरेशन लहानच हाय, पण लांबवू नका, आतडं अडकलं तर पळापळ व्हईल, जिवावरचं काम व्हईल... अन् तवर पोरीला रडू देऊ नका. आता घ्या! सात वर्षांच्या पोरीला रडू देऊ नका! हे म्हणजे कोंबडीला सांगा की उकरू नको. तरी घरच्यांनी लई सांभाळलं. ती मागंल ते दिलं, ती म्हणंल ते केलं, अन् पोरगी बी हुशार, तिला कळलं की आपण ओठ काढला की सगळा तांडा पळतो.

पहिल्यांदा नेलं ते एका दवाखान्यात. नाव घेत न्हाई, आपल्याला त्या रस्त्यानं रोज गाडी न्यायची असते. तिथं पोरीला टेबलावर आडवी केली. ऑपरेशनच्या आधी हातात सुई बसवून ठेवतात, नळीवाली, तिच्यातूनच भूल देतात, औषध देतात. ती सुई बसली म्हणजे निम्मं काम झालं, अन् न बसली म्हणजे काहीच झालं न्हाई. एकीनं पाय धरले, एकीनं खांदे, एकानं डोकं. अन् हात कुणी धरायचा? तर प्रेमसिंगला म्हणले, तुमी बाप ना, तुमी हात धरा घट्ट. धरला त्यानं. पोरीनं बापाकडं पाहून इचारलं, बापू, हे काय करून राहिले? अन् ह्या भल्या माणसानं, जो जन्मात कुणाला वजनात फसवला न्हाई, ज्यानं हळदीत कधी मूठभर माती मिसळली न्हाई, त्यानं सांगितलं... मुंगी चावल्यावानी, म्हणे! पोरगीच ती, तिनं पुढचं इचारलं, "काळी का लाल?" कारण तांड्यातल्या लेकराला ठाऊक असतं, काळी चावत न्हाई, लाल चावते. प्रेमसिंग म्हणला, काळी.

मग काय सांगू तुमाला... सुई गेली, शीर सापडली न्हाई. दुसऱ्या हाताला गेली, तिथं बी न्हाई. मग पायाला. अहो, लेकराची शीर ती केवढी, दोऱ्याएवढी, अन् लेकरू भ्यालं की ती आणखी आत दडून बसते. नर्सचा बी दोष म्हणता येत न्हाई, ती बी घामानं निथळून राहिली व्हती. पोरगी आरडून आरडून निळी पडली, गाठ फुगून आली, भुलीचे डॉक्टर घड्याळ पाहून म्हणले आज राहू द्या, अन् झालं, सगळे घरी. पण त्या सगळ्या गोंधळात, प्रेमसिंगनं मला मागून सांगितलं, पोरगी नर्सकडं पाहत नव्हती, सुईकडं पाहत नव्हती. ती बापाच्या तोंडाकडं पाहत व्हती. येताना मी आरशातून पाहिलं, ती आईच्या, बेबीबाईच्या पदरात दोन्ही हात घालून बसली व्हती. उतरताना प्रेमसिंगनं सवयीनं बोट पुढं केलं. तिनं घेतलं न्हाई. आपली आपण उतरली, गुडघ्यावर पडली, उठली अन् चालायला लागली.

अन् मुंगी चावल्यावानी म्हणणारे तिथंच राहिले, त्यांचं काय गेलं? भोगायचं घरच्यांनी. पोरगी मुंग्यांना भ्यायला लागली. हासू नका, खरंच सांगतो. काळ्या मुंगीला! जी काळी मुंगी आमच्याकडं देवाची म्हणतात, जिला बायका साखर टाकतात, ती दिसली की ही पोरगी बाजंवर चढून बसायची. तिच्या आजीनं कधीतरी गुळाच्या डब्याभवती हळदीची रेघ वढली व्हती, मुंग्या येऊ नयेत म्हणून. पोरीनं ते पाहिलं, अन् रोज सांजच्याला आपल्या बाजंच्या चारी पायांभवती हळद टाकायला लागली. घरची हळद, कमी नव्हती, तरी तिची आजी रुख्मिणीबाई कुरकुरायची, हे काय, नवरीवानी बाज पिवळी करून ठेवली म्हणून. प्रेमसिंग मात्र काही बोलायचा न्हाई. त्याला ठाऊक व्हतं ना, ती रेघ मुंगीसाठी न्हाई.

हात तर तिनं त्याला परत दिलाच न्हाई. त्यानं जिलबी आणली, म्हणली खाली ठेव. बाजारात बांगड्या भरायला नेली, कासारानं हात धरला तशी पळाली ती थेट माझ्या गाडीत येऊन बसली. बोलायची बापाशी, हासायची बी, पण हात पाठीमागं. एकदा गाडी भरायची वाट पाहत आमी चहा पीत बसलो व्हतो, तर प्रेमसिंग आपल्या उजव्या हाताकडं पाहून म्हणला, "विशूभाऊ, हात शाबूत हाय, पण बोट बेकार झालं." अन् डोळे पुसले त्यानं. मी बी बाप हाय. मी बी माझ्या लेकराला तेच सांगितलेलं, गोवराच्या सुईच्या वक्ताला... सगळ्यांनीच सांगितलेलं हाय, तुमी बी सांगितलंच असंल. मुंगी चावल्यावानी.

मग कुणीतरी सांगितलं की बाळापूरला एका दवाखान्यात नांदेडच्या भूलवाल्या मॅडम येतात, लेकरांचं लई मन लावून करतात. प्रेमसिंग आधी एकटाच गेला, सगळं सांगितलं. मॅडम म्हणल्या, ह्या पोरीला दाबून धरायचं न्हाई. आपल्याकडं आता एक मलम हाय. ते हाताच्या मागच्या बाजूला लावायचं, जिथं शीर दिसते तिथं, जाड थर, चोळायचं न्हाई, वरून प्लास्टिक बांधून ठेवायचं. तासाभरात तेवढी कातडी सुन्न व्हते, सुई घातलेली फार कळत न्हाई. तुमी लांबचे, तर घरून निघतानाच लावा, इथं पोचून नंबर लागेपर्यंत हात तयार. अन् सकाळपासून पोरीच्या पोटात काही जाऊ देऊ नका. ट्यूब दिली बोटाच्या पेराएवढी. म्हणल्या, जपून, ही नांदेडहून आणावी लागते. प्रेमसिंगनं ती रुमालात बांधून बंडीच्या आतल्या खिशात घातली अन् सगळा रस्ता वरून हात ठेवून बसला.

आता इथून पुढं जे झालं त्याला मी दोष कुणाला देऊ? तांड्याची रीत अशी हाय, की नवी कोणतीबी गोष्ट एकट्यानं वापरायची न्हाई. नवं धान्य आलं, नवी गाय आली, आधी देवीला भोग, मग नायकाला मान, मग थोरामोठ्यांना, मग घरच्यांना. एकट्यानं घेतलेली गोष्ट अंगी लागत न्हाई, असं रुख्मिणीबाईचं ठाम मत, अन् म्हाताऱ्या बाईच्या ठाम मतापुढं नांदेडच्या मॅडमचं काय चालतंय? ऑपरेशनच्या दिवशी सकाळी प्रेमसिंग मला बोलवायला गावात आला. ट्यूब आईजवळ ठेवून आला. एवढीच त्याची चूक.

मी गाडी घेऊन तांड्यात पोचलो तर ही गर्दी! लग्नाला निघाल्यावानी. प्रेमसिंगनं घाईत इचारलं, याडी, म्हणजे आई, त्यांच्या बोलीत, मलम लावलं का? लावलं. प्लास्टिक बांधलं का? बांधलं. पोरीच्या उजव्या हाताला दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक, वरून दोरा, कसं झ्याक बांधलेलं. मी स्वतः पाहिलं अन् म्हणलं, शाब्बास. पोरगी बापाकडं न पाहता आजीच्या मागून चढली, बेबीबाई चढली, अन् आमी निघालो. तेवढ्यात तांड्याचे नायक, भावसिंग, एवढा भारदस्त माणूस, ते गाडीच्या खिडकीशी आले अन् आपल्या कपाळावर टिचक्या मारून म्हणले, प्रेमसिंग, माझं कपाळ कुठं गेलं रे?

मला वाटलं, म्हाताऱ्याला काही झालं. गाडी पुढं निघाली, तर बेबीबाई बी आपल्या कपाळाला चिमटे घेऊन पाहून राहिली. अन् रुख्मिणीबाई तर खुशीत! म्हणली, एवढी सालं गुडघा ठणकून राहिला व्हता, आज पाहा, गपगार झाला. लई गुणाचं मलम हाय, बेटा. गाडीत असा सन्नाटा झाला... म्हणजे कोंबड्या सोडून. प्रेमसिंगनं हळूच इचारलं, याडी, ट्यूब कुठं हाय? तिनं कमरेची पिशवी सोडली अन् काढून दाखवली. चपटी. पार पापडावानी. मग एकेक गोष्ट निघाली. आधी देवीच्या पायाला. मग नायकाच्या कपाळाला. मग ज्या बायका पोरीला निरोप द्यायला आल्या, त्यांना एक-एक टिकली. कुणाला न्हाई म्हणायचं, अशा दिवशी? मग पोरीजवळ दिवसभर बसायचं म्हणून स्वतःच्या गुडघ्याला, जरा सढळ हातानं. अन् उरलेलं सगळं, उरलेलं सगळं म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढं, ते पोरीला.

प्रेमसिंगनं कपाळाला हात लावला. मलमाचं बोट न लागलेली माणसं त्या गाडीत दोनच व्हती, तो अन् मी. मी म्हणलं, भाऊ, गाडी वळवू का? तो म्हणला, वळवून काय करू? त्या आठवड्यात दोनदा गाठ अडकली व्हती, कोमट पाण्यानं शेकून कशीबशी आत गेली व्हती. सर्जननं सांगितलेलं, आता थांबायचं न्हाई. चल, म्हणला. मी आजवर लई पेशंट नेले, पण त्या दिवशी गाडीत सगळ्यात आजारी माणूस पुढच्या सीटवर बसला व्हता.

दवाखान्यात मॅडमनी पोरीला जवळ घेतलं, हातावरचा दोरा सोडला, प्लास्टिक काढलं अन् हात उलटा केला. मग सुलटा केला. हाताच्या मागं काहीच न्हाई. मलम तळहातावर. कारण काय, तर देवाची गोष्ट घ्यायची ती उजव्या तळहातावर, हे काय सांगायला पायजे का? रुख्मिणीबाईनं अभिमानानं सगळं सांगितलं, कुणाकुणाला लावलं, काही राहिलं न्हाई, कुणाचा मान चुकला न्हाई. मॅडमनी तोंडावर हात धरला. आमाला वाटलं, आता बोलणार. खांदे हालून राहिले व्हते त्यांचे. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या बाई, मग डोळे पुसून म्हणल्या, देवीला पोचलं ना? मग ठीक हाय. आता आपलं आपण पाहू.

दुसरी ट्यूब तिथं नव्हती. मॅडमनी टेबल बाजूला सारायला लावलं. चौघं आत आले व्हते, पोरीला धरायला, त्यांना बाहेर काढलं. गरम पाण्यात टॉवेल भिजवून, पिळून, पोरीच्या दोन्ही हातांना गुंडाळला, म्हणल्या, ऊब लागली की शीर वर येते, घाई करू नका. अन् म्हणल्या, पोरगी कुणाच्या तरी मांडीवर बसू द्या, टेबलावर न्हाई. कुणाच्या? बेबीबाईला तर आधीच रडू फुटलेलं. पोरगी म्हणली, दादीच्या. पण दादी बसणार कशी? गुडघा गाढ झोपला व्हता, वाकंना, तिला धरून भिंतीला टेकवून ठेवलेलं. मी दारातून आत पाहत उभा. पोरीनं माझ्याकडं बी एकदा पाहिलं, पण मी पडलो डायवर. राहिला एकटा प्रेमसिंग.

तो खाली फरशीवर बसला. पोरगी भिंतीशी, टॉवेलातले हात पोटाशी धरून. मॅडम बी खाली बसल्या, लांब, हातात काही न घेता. तुमाला सांगतो, मी त्या दारात उभा व्हतो अन् मला त्याच्या तोंडावर ते शब्द येताना दिसले, तेच, मुंगी चावल्यावानी, ओठापर्यंत आले बी... दुसरं काय म्हणायचं असतं ते त्या माणसाला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याला काय, कुणालाच न्हाई. पोरीनंच इचारलं.

"बापू, मुंगी चावंल का?"

"न्हाई," तो म्हणला. "मुंगी न्हाई. सुई हाय. मागं मी खोटं बोललो."

"दुखंल?"

"व्हय. दुखंल."

माझ्या बाजूला बेबीबाईनं श्वास आत घेतला. मला वाटलं, संपलं, आता ही पोरगी खिडकीतून उडी मारते. पण पोरगी बापाकडं पाहत राहिली, टक लावून. त्या दिवशी पाहत व्हती तशीच, पण जरा येगळं. मग तिनं बाजारात भाव इचारावा तसं इचारलं, किती? अन् प्रेमसिंगनं इचार केला. खरंच इचार केला, कपाळाला आठ्या घालून, कारण आता चुकून चालणार नव्हतं. म्हणला, बोरीखाली तुझ्या टाचंत काटा मोडला व्हता ना, तो मी काढला तवा जेवढं दुखलं तेवढं. काटा निघाल्यावर थांबलं व्हतं, तसंच हे बी थांबतं. जास्त दुखलं तर वरड. वरडलं तरी चालतंय. पण हात हालवू नको, हालला तर परत घालावी लागंल.

"अन् हात कोण धरणार?"

"कुणीच न्हाई," प्रेमसिंग म्हणला. "मी धरणार न्हाई. तूच द्यायचा."

बाहेर माझ्या गाडीचा हॉर्न कुणीतरी वाजवून राहिलं व्हतं, परतीचे पॅसेंजर खोळंबले व्हते, मी हाललो न्हाई. पोरगी भिंत सोडून आली. बापाच्या मांडीवर बसली, पाठ त्याच्या छातीला लावून, अन् टॉवेल आपल्या हातानं काढला. मॅडमनी इचारलं, कोणता हात? तिनं डावा पुढं केला. अन् उजव्यानं, न पाहता, मागं चाचपून, बापाचं मधलं बोट धरलं.

मॅडमनी फक्त एवढं सांगितलं, फुंकर मार, चुलीला मारतात तशी लांब. पोरीनं गाल फुगवले. सुई गेली. पहिल्याच झटक्यात, शीर अशी वर आलेली की मी दारातून पाहिली असती, पण माझे डोळे झाकलेले. वरडली ती रुख्मिणीबाई. पोरगी न्हाई. पट्टी चिकटवली, नळी बांधली, मॅडम म्हणल्या, झालं. पोरीनं इचारलं, झालं? बापू म्हणला, झालं. एवढंच? एवढंच. मग पोरीनं क्षणभर इचार केला अन् असा भोंगा पसरला, असा पसरला, की बाहेरचा हॉर्न बंद झाला! प्रेमसिंग घाबरला, बेटा, काय झालं, कुठं दुखतंय? ती रडता रडता म्हणली, दुखत न्हाई, पण तूच म्हणला व्हता ना, वरडलं तरी चालतंय. परवानगी मिळालेली कुणी वाया घालवतं का?

ऑपरेशन झालं, गाठ गेली, पोरगी थोड्याच दिवसांत पळायला लागली. हळदीची रेघ कधी बंद झाली ते कुणी पाहिलं बी न्हाई. रुख्मिणीबाईला इचारा, तर ती सांगते, सगळं देवीला आधी मलम पोचलं म्हणून झालं, अन् अख्खा तांडा मान हालवतो. मॅडमनी बी हात टेकले. तांड्यातलं लेकरू आलं की आता मलम घरी देतच न्हाईत, सरळ सांगतात, आजीला घेऊन लवकर या, इथंच लावू, मी समोर बसते. बराबर हाय त्यांचं. ज्याचं त्यानं समजून घ्यावं लागतं. पण मी मात्र तवापासून गाडीत कुणी लेकराला मुंगी चावल्यावानी म्हणलं की गाडी बाजूला लावतो अन् म्हणतो, पाव्हणं, उतरा. भाडं बुडतं. बुडू द्या. आजवर एकाला बी उतरवता आलं न्हाई ही गोष्ट येगळी.

अन् प्रेमसिंग? प्रेमसिंगची दाढ दुखायला लागली, पुढल्या साली. लई दिवस लवंग धरून काढले, मग गाल असा सुजला की मीच ओढून नेला बाळापूरला, दाताच्या डॉक्टरकडं. निता संगं आली, आता तिसरीत. खुर्चीत बसवला त्याला, डॉक्टरनं सुई भरली, हिरडीत द्यायची, चांगली लांब, अन् आमचा हा एवढा हळदीची पोती उचलणारा गडी, पांढरा पडला. इकडं तिकडं पाहिलं. डॉक्टरला इचारायची लाज वाटली असंल, माझ्यावर भरोसा नव्हता. त्यानं लेकीला इचारलं, हळूच, लेकरानं बापाला इचारावं तसं. निता, दुखंल का ग?

पोरीनं सुईकडं पाहिलं. मग बापाच्या तोंडाकडं पाहिलं. मी मागून तिला डोळे मिचकावले, मान हालवली, म्हणलं, बाई, सांग काहीतरी, माणूस उठून पळंल. पण तिनं सावकाश इचार केला, कपाळाला आठ्या घालून, अन् बापाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन सांगितलं.

"व्हय बापू. लई."

येताना प्रेमसिंग अर्ध्या तोंडानं बोलत व्हता, अर्धं सुन्न. लेक मागं झोपली व्हती. बराच रस्ता गेल्यावर म्हणला, विशूभाऊ, पोरगी माझ्याशी खरं बोलते, ह्याच्यापरीस मोठं मला काही नको. मी म्हणलं, बराबर हाय. मग सुन्न गाल चाचपून म्हणला... पण एक सांग, त्या खुर्चीत, तेवढ्यापुरतं, एक डाव खोटं बोलली असती तर हिचं काय गेलं असतं?